आरएक्स-७ ला टर्बो लावायला दिली आणि ७,४०० डॉलर गेले

जुनी माझदा आरएक्स-७ आहे आणि डोक्यात टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) घुमतोय अशा सगळ्यांनी हे वाचा, पैसे द्यायच्या आधी वाचा.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गाडी १९८८ ची, नॉन-टर्बो, आत १३०८ सीसीचं १३बी रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते. सांगलीत कॉलेजला असताना कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये हीच गाडी चालवायचो, तेव्हापासून मनात होती, इथे येऊन इतक्या वर्षांनी घेतली. माझ्या मॉडेलला १४६ हॉर्सपॉवर, त्याच वर्षी कंपनीने काढलेल्या टर्बोवालीला १८२. मला तेवढंच हवं होतं, फार काही नाही.

पण माझदाने तिला नुसता टर्बो जोडलेला नव्हता. तिचे रोटरच वेगळे, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५, माझ्या रोटरचं ९.४. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीचे, माझे ४६० चे. हे मी वाचून गेलो होतो आणि दुकानवाल्याला पहिल्याच दिवशी विचारलं, तर तो म्हणाला सगळं बदलणार, टर्बोचे रोटर, नवीन एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या), मोठे इंजेक्टर, ब्रँडेड टर्बो, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ट्यूनिंग. दुकानात एक इंजिन उघडं पडलेलं, त्यातला रोटर त्याने माझ्या हातात दिला आणि अर्धा तास समजावत बसला. माणूस खरंच रोटरीवेडा वाटला हो. लेखी एस्टिमेट मागितलं तर म्हणाला मेसेज करतो, कॅश दिली तर कमी लावतो. इथे काम सुरू करायच्या आधी लेखी एस्टिमेट द्यायचं हा कायदा आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दोन हप्त्यांत ७,४०० डॉलर कॅश दिले.

सात आठवड्यांनी गाडी मिळाली, काय पळत होती. एकोणिसाव्या दिवशी ६८० हायवेवर सुनोलच्या चढाला पाय दाबला, समोरून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि दम एकदम गेला. कशीबशी बाजूला घेतली, आयडलला सगळी गाडी थरथरत होती.

दुकानवाला म्हणाला, रोटरी आहे, फुटतातच, वॉरंटी नाही. आणि दुसऱ्या इंजिनचे अजून ६,००० सांगितले. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. रोटरी आधीच बदनाम, त्यामुळे हे लोक काहीही कच्चं काम करून त्या बदनामीमागे लपतात आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, मलाही दोन दिवस पटलं होतं.

मग गाडी टो करून सॅन होजेला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने रोटरीच्या टेस्टरने चेंबरमधला दाब मोजला. हे नीट लक्षात घ्या, एका रोटरला तीन बाजू, म्हणजे दोन रोटरचे सहा आकडे यायला हवेत, आणि माझदाची कमीत कमी मर्यादा ८५ पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आहे. पिस्टनवाला साधा टेस्टर तिघांतला सगळ्यात मोठा आकडाच धरून ठेवतो. मला डिलिव्हरीला फोटो पाठवला होता त्यात एकच आकडा होता, ११०. तिथेच ओळखायला हवं होतं. आता मागच्या रोटरचे तीनपैकी दोन आकडे पार पडलेले, कारण एक एपेक्स सील दोन चेंबरच्या मधे असतं, ते तुटलं की दोन्ही जातात.

इंजिन उघडलं. रोटर माझेच जुने, ९.४ वाले. इंजेक्टर जुने ४६० चे. टर्बोवर नावाचं स्टिकर, पण सीरियल नंबर कुठेच नाही. डायनोचा कागद घरी जाऊन काढून बघितला तर त्यावरची तारीख मी गाडी दुकानात सोडली त्याच्या आधीची, म्हणजे कुणाच्या तरी दुसऱ्याच गाडीचा.

कॉम्प्रेशन जास्त आणि टर्बोच्या जादा हवेला पेट्रोल कमी, मग नॉक होणारच, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणार. पिस्टन इंजिन थोडं नॉक सहन करतं, इथे २ मिलिमीटर जाडीचं सील आहे, ते लगेच जातं. तुटलेला तुकडा हाउसिंगचं क्रोम ओरबाडत एग्झॉस्टमधून बाहेर पडला आणि टर्बाइनची पातीही खाल्ली.

आणि स्मॉगचं? तो म्हणाला होता मी बघतो. इथे १९७६ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) आहे, त्यात बॉनेट उघडून बघतात, कार्बचा (इथल्या हवा प्रदूषण बोर्डाचा) मंजुरी नंबर नसलेला टर्बो दिसला की नापास. म्हणजे इंजिन टिकलं असतं तरी गाडी रजिस्टर झाली नसती.

काम देताना लेखी लिहा की जुने पार्ट परत हवेत, आधी मागितले तर द्यावेच लागतात. रोटर आणि इंजेक्टर हातात आले असते तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं. कॅश देऊ नका, कार्डवर द्या, निदान बँकेकडे तक्रार तरी करता येते. दुकान ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे (गॅरेजवर लक्ष ठेवणारं इथलं सरकारी खातं) रजिस्टर आहे का ते ऑनलाइन दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे.

ब्युरोकडे तक्रार टाकलीय, स्मॉल क्लेम्समध्येही (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) केस केलीय, तिथे १२,५०० डॉलरपर्यंत वकील न करता मागता येतात. त्याने "नवीन रोटर, नवीन सील टाकले" असा मेसेज केला होता तो जपून ठेवलाय. तुटलेलं सील आणि ते चारही इंजेक्टर एका डब्यात आहेत, तारखेला तो डबा घेऊन जाणार.