एक रंकाळा, तीन ठिकाणी: लँडस्केप फोटोग्राफी शिकायची तर इन्स्टाग्राम, वर्कशॉप की ग्रुप?

मे महिन्यात वळीव येऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी रंकाळ्याच्या चौपाटीवरून शालिनी पॅलेसचा फोटो काढला. मागे पेटलेलं आभाळ, खाली पाणी, मधे मनोऱ्याची काळी आकृती. कोल्हापुरात नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचा पहिला फोटो हाच असतो. नाही म्हणणारा खोटं बोलतो. माझा कॅमेरा नवा म्हणजे माझ्यासाठी नवा, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग लहान असलेला), कुणीतरी वापरून विकलेला, सोबत १८-५५ची लेन्स.

तो एकच फोटो पुढच्या काही महिन्यांत तीन ठिकाणी गेला: इन्स्टाग्रामवर, पैसे भरून केलेल्या एका वर्कशॉपमध्ये आणि तीसेक जणांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. "लँडस्केप शिकायची आहे, कुठून सुरुवात करू?" असं आता कुणी विचारलं की मी त्या फोटोची गोष्ट सांगतो, कारण प्रत्येक ठिकाणाहून काय परत आलं ते मला अजून पाठ आहे.

इन्स्टाग्राम

११२ लाइक. "नाद खुळा", "जाळ अन् धूर संगटच", आगीची चिन्हं, आणि एका मावसभावाचं "कॅमेरा कुठला?". दोन दिवस मी हवेत होतो. फोटोत काय चांगलं आहे आणि काय फसलंय, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा. तिथं ते विचारायची रीतच नाही.

शिवाय हे माध्यम लँडस्केपला थोडं वैरीच आहे. फीडमध्ये उभा फोटो जास्त जागा खातो, म्हणून मी आडवा रंकाळा चारास पाचच्या उभ्या चौकटीत कापला आणि दोन्ही बाजूंचं पाणी गेलं. उरला एक मनोरा आणि थोडी लाली. त्यात रुंदी १०८० पिक्सेलची आणि बघायला हाताएवढा पडदा, त्यामुळे बारीकसारीक चुका दिसतच नाहीत. गवताचं पातं धारदार आलंय की लिबलिबीत, तिथं सगळं सारखंच. लाली जितकी भडक तितका फोटो वर. चार महिने फक्त इन्स्टाग्रामवर राहिलात तर सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगांच्या भडकपणाचा, काटा आपोआप उजवीकडे सरकायला लागतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

उपयोग नाही असं नाही. डोळा भरण्यासाठी, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सध्या फुलं आहेत की गवत वाळलंय हे कळण्यासाठी, उद्या काम मिळवायचं असेल तर दाखवायला दुकानाची पाटी म्हणून, ते हवंच. फक्त शाळा म्हणून नको.

वर्कशॉप

जुलैत गगनबावड्याला दोन दिवसांचं होतं, कोल्हापुरापासून साधारण ५५ किलोमीटर. फी सहा हजार, राहणं-जेवण धरून. आम्ही अठरा जण, शिकवणारा एक. घाटाच्या कडेला अठरा ट्रायपॉड एकाला एक लावून उभे, जणू पंचगंगेच्या घाटावर श्राद्धाची रांग. सगळ्यांचे फोटो एकसारखे येणार यात नवल काय! माझ्या रंकाळ्याच्या फोटोला रात्री जेवणानंतर अर्धं मिनिट मिळालं: "हायलाइट उडालेत, ब्रॅकेटिंग करा. नेक्स्ट." चूक बरोबर धरली होती (सगळ्यात उजळ भाग नुसता पांढरा पडला होता), पण ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त प्रकाशाचे तीन फोटो आणि पुढे ते जोडायचे कसे, हे विचारायला वेळ उरला नाही. जाहिरातीत "प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष" असं लिहिलं होतं, त्याचा राग मला अजून आहे.

तरीही दोन गोष्टी तिथं अशा शिकलो ज्या पडद्यावर बघून मला समजल्या नव्हत्या. एक, पोलरायझर फिल्टर. पावसात भिजलेलं पान पांढरट चमकतं आणि हिरवा रंग त्या चमकेखाली दडतो. फिल्टरची कडी बोटानं हळूहळू फिरवली की एका जागी चमक मरते आणि अख्खा डोंगर खोल हिरवा होतो. ते आपल्या बोटाखाली घडताना बघावं लागतं. दुसरी गोष्ट धुक्याची. कॅमेऱ्याचा मीटर पांढरं धुकं बघून गोंधळतो, त्याला करडं करून टाकतो; म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, मुद्दाम पाऊण ते एक स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). दोन दिवस धुक्याशिवाय काही दिसलंच नाही, त्यामुळे हा धडा चांगला घोटून झाला.

ग्रुप

या ग्रुपला थाटाचं नाव नाही. कुणीतरी शाहू स्मारक भवनात एक चित्रप्रदर्शन बघायला गेलेल्या पाच-सहा जणांचा बनवला, मग वाढला. फोटोवाले आहेत, जलरंगवाले आहेत, एक सर्व्हेअर आहेत, एक भगिनी फक्त मोबाइलवर काढतात आणि आमच्यात सगळ्यात बारीक नजर त्यांचीच. मध्यभागी एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. बोलणारे सात-आठच, बाकीचे वाचतात.

नियम तीन आहेत. आठवड्याला एकच फोटो. फोटोबरोबर एक प्रश्न. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, कारण नुसता पाठवला तर व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर ही फोटोतली नोंदही जाते. "छान" लिहायला बंदी नाही, पण पुढे "कारण" लिहावं लागतं. त्यामुळे छान फार कमी येतं.

मी रंकाळा टाकला आणि विचारलं, "आभाळ बरं आलंय का?"

सरांचं उत्तर: "आभाळ देवानं केलंय, त्याचं कौतुक तुला कशाला? तू काय केलंस ते सांग."

मग त्यांनी माझ्याच फोटोवर मोबाइलवर बोटानं लाल रेघा मारून परत पाठवला. पाण्याची रेघ डावीकडे उतरलेली, म्हणजे अख्खा रंकाळा एका बाजूला सांडायला निघालेला. मनोऱ्याला एक दिव्याचा खांब चिकटलेला, काळ्यात काळा मिसळून मनोऱ्याला जणू शिंग फुटलेलं. आणि खालचा एक तृतीयांश भाग नुसतं रिकामं पाणी, त्यावर प्रश्न: "हा पट्टा कुणासाठी राखून ठेवलायस?" मी तो फोटो वीसेक वेळा तरी मोठा करून बघितला असेल. खांब मला एकदाही दिसला नव्हता.

चर्चा चार दिवस चालली. मोबाइलवाल्या ताईंनी लिहिलं की दोन पावलं उजवीकडे सरकला असता तर खांब सुटला असता. कुणी अ‍ॅपर्चर बघून विचारलं, एफ २२ का? (हा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक.) मी यूट्यूबवर ऐकलेलं सांगितलं: लँडस्केपला छिद्र जितकं बारीक तितकं सगळं धारदार. मग कळलं की क्रॉप सेन्सरवर इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो; एफ ८ ते ११ पुरे. सरांनी यावर एक जुनी गोष्टही टाकली. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे छायाचित्रकार मंडळींनी गट केला, त्याचं नावच 'ग्रुप एफ/६४'. पण त्यांचे कॅमेरे ताटाएवढी निगेटिव्ह घेणारे, तिथं ६४ चालतं. "नाव त्यांचं घ्या, आकडा घेऊ नका," असं सर म्हणाले. (ताटाएवढी ही सरांची अतिशयोक्ती, आठ बाय दहा इंच म्हणजे फार तर नाश्त्याची बशी.)

सगळ्यात कामाचं मात्र सर्व्हेअर काकांनी सांगितलं. त्यांनी अंबाबाईचा किरणोत्सव मांडला. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ते दिवस ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. वर्षातून दोनदाच का? २१ डिसेंबरपासून मागं मोजलं तर १० नोव्हेंबर ४१ दिवसांवर, पुढं मोजलं तर ३१ जानेवारीही ४१ दिवसांवर. दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी बुडतो. जून ते डिसेंबर या काळात कोल्हापुरातून ही जागा जवळजवळ ४९ अंश सरकते. म्हणजे मी मे महिन्यात जिथं उभा होतो, तिथूनच डिसेंबरात सूर्य बराच डावीकडे बुडणार. "जागा ठरवायच्या आधी तारीख ठरव," एवढंच त्यांचं म्हणणं. लहानपणापासून किरणोत्सवाला गर्दीत उभा राहिलोय, पण ही गोष्ट फोटोच्या कामाची आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आणि शेवटी सर: "पॅलेस पश्चिमेला आहे. संध्याकाळी तो काळाच येणार. तुला पॅलेस हवा असेल तर सकाळी जा."

आता ग्रुपची दुसरी बाजू. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की नदीआधी ग्रुपला पूर येतो. नियम वाहून जातात, चाळीस-चाळीस फॉरवर्ड येतात. त्यात कुणाच्या तरी बुडालेल्या घराचा 'सुंदर' फोटोही असतो, त्यावरून एकदा चांगलंच वाजलं. दुसरं, सरांची आवड आता सगळ्यांचीच आवड व्हायला लागली आहे. मोकळी जागा, शांत रंग, कोपऱ्यात एक झाड. ज्या गावात आबालाल रहिमान यांनी निसर्गचित्रं रंगवली आणि बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून मूकपट काढले, तिथं सगळ्यांनी एकसारखं काढावं हे बरं नव्हे. तिसरं, तोंडावर बोलणं सगळ्यांना झेपत नाही. दोघंजण पहिल्याच लाल रेघेनंतर ग्रुप सोडून गेले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शेजारी शेजारी ठेवलं तर

पैशात: ग्रुप आणि इन्स्टाग्राम फुकट. वर्कशॉपच्या पैशात पोलरायझर, बरा ट्रायपॉड आणि दोन-तीन वेळा राधानगरीचं पेट्रोल सुटतं.

वेळेत मात्र वर्कशॉप स्वस्त. दोन दिवसांत हात कॅमेऱ्यावर बसतो, ग्रुपवर तेवढ्याला सहा महिने जातात. घरी दुकान-धंदा, मुलं असतील आणि रविवारसुद्धा अर्धाच मिळत असेल तर याचा विचार करा.

चूक समजण्यात ग्रुपला तोड नाही, पण एका अटीवर: तिथं तुमच्यापेक्षा चांगलं बघणारी दोन-तीन माणसं हवीत आणि त्यांना लिहायची सवड हवी. नुसतं "वाह" म्हणणारे तीनशे जण असतील तर तो ग्रुप म्हणजे वेशांतर केलेलं इन्स्टाग्रामच. आत शिरल्यावर आठवडाभर गप्प वाचा. एखाद्या फोटोवर तीन ओळींपेक्षा जास्त कुणी लिहितं का, एवढंच बघा. फ्लिकरही यासाठी बघण्यासारखं आहे: फुकट खात्यावर हजार फोटोंची मर्यादा असली तरी तिथं फोटोची तांत्रिक नोंद शेजारीच दिसते, आणि ती वाचत बसणं हा एक अभ्यासच आहे. मराठीत बोलणारं कुणी मिळणं तेवढं अवघड.

जागेच्या बाबतीत एक सांगतो, कारण यात तिन्हीकडे चूक होते. मसाई पठारावरची फुलं कुठल्या कोपऱ्यात आहेत हे खुणेसकट टाकलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्या उभ्या. मोबाइलच्या फोटोत जीपीएसची नोंदही जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर हमखास. नाजूक जागेचा फोटो टाकण्याआधी ती नोंद काढून टाका. आमच्या ग्रुपवर आता हा चौथा नियम आहे.

मग तुम्ही काय करावं? फक्त मोबाइल असेल तर वर्कशॉपला आत्ताच जाऊ नका. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा (ग्रिड) चालू करा, क्षितिज सरळ धरा आणि एखादा बोलका ग्रुप गाठा. कॅमेरा घेऊन वर्ष झालं आणि बटणांचीच भीती वाटत असेल तर वर्कशॉप, पण आधी विचारा की एका शिकवणाऱ्यामागे किती विद्यार्थी. दहाच्या वर असतील तर सोडून द्या. पावसाळ्याच्या आधी केलेलं वर्कशॉप जास्त पचतं, कारण पुढचे चार महिने आपल्याकडे सराव करायला आभाळच आभाळ असतं. नंतर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा, नाहीतर कोल्हापूरच्या दमट हवेत बुरशी धरते. आणि लाल रेघ सोसत नसेल तर एकाच माणसाला फोटो दाखवा, ग्रुपला नको. सरांकडे असे तिघंजण खासगीत येतात, ते आम्हाला नंतर कळलं.

मी डिसेंबरात एका सकाळी चौपाटीवर गेलो. पावणेसातला पाण्यावर धुक्याची पातळ साय, फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या कानटोप्या, वारा अजिबात नाही. सातच्या पुढं सूर्य पाठीमागच्या घरांवर आला आणि पहिला उजेड मनोऱ्याच्या टोकाला लागला, मग विटकरी पिवळा होत हळूहळू खाली उतरला. दोन पावलं उजवीकडे उभा होतो. खालच्या पाण्यात अख्खा पॅलेस उलटा, म्हणजे तो रिकामा पट्टाही भरला. एफ ८, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. सरांनी रेघ मारली नाही, नुसतं "हं, आता पॅलेस दिसला" लिहिलं.

इन्स्टाग्रामवर त्याला चाळीस लाइक आले.