'मोत' कसं शोधायचं: बेसिक कोरियन डिक्शनरी

दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा हा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे. अर्थ इंग्रजी, जपानी, अरबी धरून 11 परभाषांत मिळतात. त्यांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. फोनवर हांगुल म्हणजे कोरियन लिपीचा कीबोर्ड टाकून घ्या, मगच शोधायला मजा येते.

'जमत नाही'साठी 'मोत' शोधलात तर उच्चार मिळतो तो सुट्या शब्दाचा. क्रियापद जोडलं की तो 'त' बऱ्याचदा टिकत नाही. 'मॉगॉयो'पुढे लावला की 'मोन्मॉगॉयो', म्हणजे खाता येत नाही. 'इल्गॉयो'पुढे (वाचणे) 'मोन्निल्गॉयो', 'वायो'पुढे (येणे) 'मोद्वायो'. उदाहरणं भरपूर आहेत, पण त्यांचा उच्चार दिलेला नाही आणि भाषांतरही नाही. नवशिक्या इथेच अडकतो.

'मोथादा'ची ('मोत' अधिक 'हादा', म्हणजे करणे) नोंद मात्र झकास. रूपं उच्चारासकट दिली आहेत. 'त'मध्ये 'ह' मिसळून 'थ' होतो, तो मराठी जिभेला आयताच जमतो. 'मोत' आणि 'हादा' जोडून लिहिलं तर 'नीट येत नाही', तोडून लिहिलं तर 'करता आलं नाही'. ऐकताना फरक कळत नाही, म्हणून शोधताना स्पेस नीट बघा. पोहण्यासारख्या 'हादा'वाल्या शब्दांत 'मोत' मधे घालायचा: 'सुयॉन्ग मोथेयो'. 'मोत सुयॉन्गहेयो' चूक.

आपली खरी गोची वेगळीच. 'पोहता येत नाही' म्हणजे शिकलेलो नाही की तलाव बंद आहे? मराठीत दोन्ही चालतं. कोरियनमध्ये पहिल्यासाठी 'सुयॉन्गहाल च्चुल मोल्लायो', दुसऱ्यासाठी 'सुयॉन्गहाल स्सु ऑप्सॉयो'. लिहिताना साधे 'जुल' आणि 'सु'; आधीच्या 'ल'मुळे बोलताना जोर येतो. 'सुयॉन्ग मोथेयो' दोन्हीकडे खपतं. हे शब्दकोशातून काढायचं तर 'सु', 'जुल' आणि 'मोत' या तीन नोंदी उघडून स्वतःच ताडून बघाव्या लागतात.

'आन' (साधा 'नाही') आणि 'मोत' यांचंही तसंच. आमंत्रणाला 'आन गायो' म्हटलं तर 'नाही जात' असा रोखठोक नकार होतो. अडचण सांगायची तर 'मोत्कायो', म्हणजे जाता येत नाही. विशेषणाला थेट 'मोत' लावू नका. सुंदर नाही म्हणायला 'आन येप्पॉयो'.

व्याकरणाचं एखादं पुस्तक हाताशी असेल तर रूपं आणि स्पेस तपासायला हा कोश उत्तम. नुसत्या याच्यावर 'मोत' शिकायला बसू नका.