एअर फ्रायरमधली गरम फळं आणि ती चार रबरं

एअर फ्रायरच्या बास्केटमधल्या जाळीच्या कडांना चार सिलिकॉनची रबरं अडकवलेली असतात, हरभऱ्यापेक्षा जरा मोठी. त्यातलं एक तुटलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं: सुटं रबर मिळत नाही, सुटी जाळीही मिळत नाही, पूर्ण बास्केट घ्या. बास्केटची किंमत मशीनच्या जवळजवळ एक तृतीयांश. वॉरंटी आहे, पण रबर म्हणे 'ॲक्सेसरी', ते वॉरंटीत बसत नाही. कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही, कारण चार-साडेचार लिटरच्या गटात बऱ्याच मशीनची रचना हीच आहे. एक नाव टाळून दुसरं घेतलं तरी तीच जाळी, तीच रबरं.

हे रबर फ्राईजमुळे किंवा समोशांमुळे गेलेलं नाही, फळांमुळे गेलं. आणि पंचाईत अशी की या मशीनमध्ये सगळ्यात छान काही होत असेल तर ते फळच. बाकी पदार्थांना 'तळल्यासारखं' म्हणत समजूत काढावी लागते. फळाला कोणी तळायला सांगितलेलं नाही, त्यामुळे तुलनाच होत नाही.

रबर का तुटतं ते आधी. १६० ते १८० अंशांवर फळ रस सोडतं. साखर किंवा गूळ घातला असेल तर रस जास्तच सुटतो. तो जाळीच्या भोकांतून खाली जातो, खाली गरम वारा फिरतच असतो, पाणी उडून जातं आणि पाक घट्ट होतो. हा पाक रबर आणि बास्केटची भिंत यांच्या फटीत जाऊन बसतो. मशीन बंद केल्यावर दहा मिनिटांत तो चिक्कीइतका कडक. मग धुवायला म्हणून जाळी ओढली की जाळी हातात आणि रबर भिंतीला. सिलिकॉन २०० अंश आरामात सोसतं, म्हणजे दोष उष्णतेचा नाही, ओढण्याचा आहे. उपाय फुकट आहे: जाळी घट्ट बसली असेल तर हात लावू नका. जाळी बुडेल इतकं कडकडीत पाणी बास्केटमध्ये ओता आणि वीस मिनिटं विसरून जा. साखर आपोआप विरघळते. सुरीनं उचकटणं, काथ्यानं घासणं, दोन्ही नको, कोटिंग जातं.

एक रबर नसलं तर काय बिघडतं, असं फोनवरच्या माणसानं विचारलं. बिघडतं ते असं: जाळी हलते, तिची धातूची कड कोटिंगवर घासते आणि चरे पडतात. शिवाय बास्केट ताटात उपडी केली की जाळी सुटून गरम पदार्थासकट खाली येते. उकळता पाक अंगावर येणं म्हणजे तेलाच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण तो चिकटून राहतो. म्हणून ही क्षुल्लक वस्तू नाही, आणि सुटी मिळत नाही हे पटण्यासारखं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणं येतात. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी अशी कल्पना आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण तोवर मशीन बंद ठेवायचं नसेल, तर ऑनलाइन फूड-ग्रेड सिलिकॉनची रबरं पाकिटात मिळतात. जाळीच्या खाचेची रुंदी आणि पत्र्याची जाडी मोजून मागवा. 'सगळ्या मॉडेलना चालते' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

आता फळांकडे.

सुरुवातीच्या महिन्यांत मत असं होतं की फळ थेट जाळीवरच ठेवावं. खालून-वरून वारा लागतो, ओलावा उडतो, रंग चांगला येतो. रबर गेल्यापासून त्यातलं निम्मं मत बदललं आहे. ज्याला स्वतःची साल आहे ते फळ जाळीवर, ज्याची फोड केली ते भांड्यात. भांडं म्हणजे १५ सेंटीमीटरचा साधा ॲल्युमिनियमचा केक टिन. बास्केटच्या भिंतीपासून चहूबाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर जागा सुटली पाहिजे, नाहीतर वारा खाली उतरत नाही आणि फळ वरून काळं, खालून कच्चं राहतं. स्टीलचा डबा चालतो, पण स्टीलमधून उष्णता सावकाश जाते, तीन-चार मिनिटं जास्त धरा. सिलिकॉनच्या साच्यात तळ लाल होतच नाही. काचेचं बोरोसिलिकेट भांडं फ्रिजमधून काढून थेट गरम मशीनमध्ये ठेवू नये. टिन रिकामा ठेवून तीन मिनिटं गरम करून घेतला तर फोड टाकल्याबरोबर तळाशी चुरचुरते. इतर पदार्थांना प्रीहीट म्हणजे विजेची नासाडी, इथे मात्र फरक पडतो. फक्त प्रीहीटच्या वेळी आत सुटा बटर पेपर ठेवू नका. तो पंख्याच्या वाऱ्यानं वर उडतो आणि कॉइलला लागून पेटतो.

सगळ्यात स्वस्त, झटपट आणि रबराला निर्धोक: केळं. काळे ठिपके पडलेलं, भाजीवाला स्वस्तात देऊन टाकतो तसलं. साल न काढता उभं चिरायचं, चिरलेली बाजू वर. प्रत्येक अर्ध्या भागावर अर्धा चमचा साखर, चिमूटभर मीठ, दोन थेंब पातळ तूप. १८० अंश, सहा ते सात मिनिटं. सालच वाटीचं काम करते, खाली एक थेंब गळत नाही. पिकलेल्या केळ्यात फ्रुक्टोज असतं आणि ते ११० अंशांच्या आसपास तांबूस होऊ लागतं, तर साध्या साखरेला १६०च्या पुढे जावं लागतं. म्हणून केळ्यावर रंग लवकर चढतो आणि आठव्या मिनिटानंतर कडवट व्हायला लागतं. वेलची केळ्याला पाच मिनिटं पुरतात. राजेळी मिळाली तर नऊ-दहा मिनिटं द्या. तिचा गर घट्ट राहतो, चमच्यानं काप निघतात, आणि या प्रकाराला तीच सगळ्यात शोभते.

सफरचंदाबद्दल बहुतेक तक्रारी मशीनच्या नसून सफरचंदाच्या असतात. फेब्रुवारीनंतर जे कोल्ड स्टोरेजचं लाल डेलिशस मिळतं ते आधीच पिठूळ झालेलं असतं. गरम केलं की फोड मोडते आणि साल तोंडात चामड्यासारखी राहते. ग्रॅनी स्मिथ आकार धरून ठेवतं पण दर पाहून फळ खाली ठेवावंसं वाटतं. मधला मार्ग म्हणजे हंगामाच्या सुरुवातीची, जुलै-ऑगस्टमध्ये येणारी कडक, आंबटसर हिमाचली फळं. दोन मध्यम सफरचंदं (साधारण ३०० ग्रॅम) सोलून दीड सेंटीमीटरच्या फोडी, दोन चमचे तूप, दोन चमचे गूळ, एक चमचा लिंबाचा रस, पाव चमचा दालचिनी पूड, चिमूट मीठ. दालचिनी आधी तुपात कालवायची. कोरडी भुरभुरली तर पंखा ती उचलून कॉइलवर नेतो आणि पुढचे तीन पदार्थ करपट वासाचे होतात. टिनवर फॉइल घट्ट दुमडून १७० अंशांवर आठ मिनिटं, मग फॉइल काढून पाच-सहा मिनिटं. फॉइल नसेल तर वरची फोड रंगते आणि आतली करकरीत राहते, कारण कॉइल अगदी डोक्यावर असते. ओव्हनच्या पाककृतीत तापमान दिलं असेल तर वीस अंश कमी करा, हे याच कारणासाठी. लोण्याऐवजी तूप का? लोण्यातले दुधाचे कण आधी जळतात. साजूक तुपाला एवढ्या तापमानात काही होत नाही.

याच सफरचंदावर क्रम्बल, म्हणजे पीठ-लोण्याचा कुरकुरीत थर, हवा असेल तर ४० ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम फ्रिजमधलं थंड लोणी, २० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे ओट्स. बोटांच्या टोकांनी चोळा, मग मुठीत दाबून चण्याएवढे गोळे मोडा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लोण्याबद्दल वर जे लिहिलं ते इथे लागू नाही: पिठात मुरलेलं लोणी लवकर जळत नाही, आणि पातळ तुपानं गोळा धरत नाही. सुट्टं मिश्रण कधीच टाकू नका. ओट्स उडून कॉइलजवळ अडकतात आणि धूर होतो. आठ मिनिटं शिजलेल्या फोडींवर हे गोळे पसरून १६० अंशांवर दहा ते बारा मिनिटं. फळ आणि क्रम्बल एकदम ठेवलं तर क्रम्बल आधी लाल होतो, आपण बाहेर काढतो आणि खाली कच्ची फोड निघते.

अननसाशी या मशीनचं जुळतं, पण रसाचा पूर तोच आणतो. दीड सेंटीमीटरच्या चकत्या, मधला कडक दांडा काढून. कपड्यानं दाबून कोरड्या करा, नाहीतर पहिली पाच मिनिटं नुसतं वाफवणं चालतं. १९० अंश, सात मिनिटांनी उलटून पुढची चार-पाच. गूळ उलटल्यानंतरच लावा, वर काळी मिरी किंवा तिखट-मीठ. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कच्चा अननस दह्यात किंवा रबडीत घातला की काही वेळानं कडू लागतो. चकती मधोमध वाफाळेपर्यंत तापली की ब्रोमेलेन निकामी होतं. मग ती खुशाल चक्क्यावर ठेवा.

पुरंदरचे ताजे अंजीर हातात आले तर वरून फुलीसारखी चीर द्या, १६० अंश, सहा मिनिटं, मध नंतर. आधी घातलेला मध करपतो. नाशपाती कडक असेल तर सोळा-सतरा मिनिटं घेते. बब्बूगोशा ही मऊ नाशपाती मात्र नऊ मिनिटांत लोळागोळा होतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणजे नव्वद टक्के पाणी, ती भाजली जाणार नाही. स्टीलच्या वाटीत दोन चमचे साखर घालून १६० अंशांवर बारा मिनिटं ठेवली तर आइस्क्रीमवर ओतायचा चांगला सॉस होतो. चिकू करू नका. जरा कच्चट निघाला तर चीक जिभेला चिकटतो, पिकलेला असेल तर गच्च रवाळ होतो. हापूस यात घालणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वास उडून जातो आणि पैसे त्या वासाचेच मोजलेले असतात. आंबाच हवा असेल तर तोतापुरी.

गुळाच्या फळावर दूध किंवा रबडी उकळत्या अवस्थेत ओतू नका, फाटते. पाच मिनिटं थांबून फ्रिजमधलं घट्ट क्रीम किंवा चक्का घ्या. थंड-गरमाची मजाही तशीच येते.

विजेचा हिशोब ज्यांना हवा असतो त्यांच्यासाठी: १४०० वॅटचं मशीन पंधरा मिनिटं सलग चाललं तरी ०.३५ युनिट होतं. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करतो, म्हणजे त्याहून कमी. तेच क्रम्बल ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) करायचं तर दहा मिनिटं प्रीहीट आणि अर्धा तास भाजणं, म्हणजे अंदाजे पाऊण युनिट. दोन वाट्या फळासाठी एवढा मोठा डबा तापवणं मनाला पटत नाही. चार माणसांहून जास्त असतील तर मात्र ओटीजीच. इथे दुसरी खेप टाकेपर्यंत पहिली थंड झालेली असते, आणि फोडींचा दुसरा थर रचला तर त्या भाजत नाहीत, उकडतात.

रेटिंग द्यायचं तर मशीनला साडेचार. अर्धा गुण कापलाय तो एवढ्याशा रबरासाठी. कोणाला अति वाटेल, वाटू दे.

टिनबद्दल दोन गोष्टी राहिल्या. लिंबू आणि अननस आंबट आहेत, ॲल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवायचे नाहीत. काढून लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात घाला. आणि जळका पाक काढायला खाण्याचा सोडा वापरू नका, त्यानं टिन काळा पडतो, साधं गरम पाणी पुरतं. उरलेलं क्रम्बल दुसऱ्या दिवशी १५० अंशांवर चार मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतं. मायक्रोवेव्हमध्ये तेच मऊ पडतं.