दोन ग्रिग्री, एकच नंबर आणि माझे १३,६०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे "किती गेले?" हे कुणी विचारायला नको. घरी रोज विचारतात तेवढं पुरे.

मी ऐरोलीत राहतो, बँकेत कॅशला आहे. दिवसभर नोटा उजेडात धरून बघायच्या हीच माझी नोकरी. तरी गंडलो.

ग्रिग्री म्हणजे कड्यावर चढताना खालून रोप धरणाऱ्याच्या हातातलं, झटका बसला की रोप अडवणारं डिव्हाइस. जाहिरात नेहमीचीच. ग्रिग्री, नवं मॉडेल, न वापरलेली, भावाने फ्रान्सहून आणली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून विकतोय. पुढचं तुम्हाला पाठ असेल. एक ६,५०० ला, दोन घेतल्या तर लॉकिंग कॅराबिनर (रोप-डिव्हाइस जोडायची, लॉक होणारी कडी) ६०० त. २,००० टोकन, उरलेले ११,६०० माल हातात आल्यावर. म्हणजे न बघता पैसे पाठवणाऱ्यांतला मी नाही, हे नोंदवून ठेवा. आणि हौस म्हणूनही घेत नव्हतो. मुंब्र्याला मी चढतो तेव्हा मला बिले देते, म्हणजे खालून रोप सांभाळते, माझी सोळा वर्षांची लेक. माझं वजन ८४ किलो. एटीसीत, म्हणजे साध्या बिले डिव्हाइसमध्ये, हलणारा भागच नसतो, रोपचं वळण आणि बिले देणाऱ्याचा हात, एवढ्यावर सगळं. ग्रिग्रीत झटका बसला की आतला कॅम फिरून रोप चिमटीत पकडतो. तिचा हात चुकून सुटलाच तर, म्हणून घेतली. (हात तरीही सोडायचा नसतो. कंपनीच सांगते.)

ठाणे स्टेशनजवळ चहाच्या टपरीवर भेटलो. दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या. दोन्हींवर एकच नंबर. दिसला मला! म्हटलंसुद्धा, "अरे, नंबर सेम कसा?" तो हसला, "सर, एकाच लॉटमधल्या आहेत." दोन नोटांवर एकच नंबर दिसला तर झोपेतही माझा हात थांबेल, तिथे मी मान डोलावली, जीपे केलं, वर चहाचे पैसेही मीच दिले.

प्रत्येक नगाचा नंबर वेगळा असतो आणि तो शोभेला नसतो. २०११ मध्ये ग्रिग्री २ च्या सुरुवातीच्या खेपा हँडलच्या दोषामुळे परत मागवल्या, त्या नंबरवरूनच. आणखी एक: याच्या 'नव्या मॉडेल'वर रोपची जाडी ८.९ ते ११ मिमी कोरलेली. ती त्या जुन्या ग्रिग्री २ ची. २०१९ च्या मॉडेलवर ८.५ ते ११ असते. हे मला घरी आल्यावर कळलं.

मुंब्र्याला आमच्या ग्रुपमधल्या दादांनी नशिबाने आधी जमिनीवरच तपासली. १० मिमीचा रोप घातला, क्लाइंबरच्या बाजूने हिसका दिला. एकीत रोप अडकला. दुसरीतून रोप सरकतच राहिला, आरामात, दोरीवरचे कपडे ओढावेत तसा. लेक शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. हिसका देऊन बघितल्याशिवाय वर चढू नका, डिव्हाइस कितीही महागाचं असो.

मग पोलीस. ऐरोलीकडचे म्हणाले, माल ठाण्यात घेतलात, ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर भेटलात ना, मग हे सायबर कसं? ट्रान्स-हार्बरच्या सहा फेऱ्या, दोन हाफ-डे. एका साहेबांनी ग्रिग्री हातात घेऊन खटखट वाजवली आणि विचारलं, "हे काय, सायकलचं?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग चालत जायचं ना डोंगरावर." शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. तुमचं असं झालं तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी नऊ दिवसांनी केला, लाज वाटत होती म्हणून.

बिल नसेल तर हात लावू नका. वापरलेली तर ओळखीच्याकडूनही नको.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, आता ५,८०० ला. फोटो मोठा करून बघा, नंबर ४१७ ने संपतो. माझ्याकडच्या दोन्हींचाही तोच.