साडेचार फुटांतील संसार : सोलापुरातील एका दांपत्य-अभ्यासवर्गाचे परीक्षण

विजापूर रस्त्यालगतच्या एका वसाहतीत, बंगल्याच्या वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात, विवाहित जोडप्यांसाठी एक अभ्यासवर्ग चालतो. चार रविवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गाचे शुल्क जोडप्यामागे पंधराशे रुपये असून एका वेळी सहाच जोडप्यांना प्रवेश मिळतो. वर्ग चालवणारे गृहस्थ व्यापारी जहाजांवर कप्तान होते, आणि त्यांच्या पत्नीनेही त्यांच्यासोबत मालवाहू जहाजांवर बराच काळ काढला आहे. आपली नावे समाजमाध्यमांवर येऊ नयेत अशी दोघांची इच्छा असल्याने मी ती येथे देत नाही. महासागरातील धोकादायक सफरींचा नवरा-बायकोच्या नात्यावर कोणता ताण येतो, हा वर्गाचा विषय आहे. शिडाच्या छोट्या बोटीतून महासागर ओलांडलेल्या, बुडालेल्या, वाचलेल्या आणि एकमेकांना गमावलेल्या खऱ्या जोडप्यांच्या हकिकती समोर ठेवून येथे संसाराविषयी बोलले जाते. मी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते आणि माझ्या यजमानांसह या वर्गाला गेले होते, त्यामुळे पुढील मते काहीशी व्यवसायाच्या नजरेतून आलेली आहेत.

सोलापूरच्या माणसाला समुद्राच्या गोष्टीतून काय मिळणार, अशी शंका प्रवेश घेण्यापूर्वी अनेकांनी माझ्याजवळ बोलून दाखवली. तिचे उत्तर पहिल्याच सत्रात मिळते. आपल्याकडे घरात वाजले तर नवरा चौकात चहाला जातो, बायको शेजारी किंवा माहेरी जाते आणि दोन-चार तासांत राग निवळतो. तीस फुटी बोटीवर जायला जागाच नसते. त्यातच एकाने जागे राहून बोट सांभाळायची आणि दुसऱ्याने झोपायचे, अशी तीन-चार तासांची पाळी रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे एकाच बोटीवरचे नवरा-बायको आठवडेच्या आठवडे फक्त पाळी बदलताना, अर्धवट झोपेत, एकमेकांशी बोलतात. झोप मोडलेला माणूस साध्या प्रश्नातही आरोप ऐकतो, हे समुपदेशनाच्या खोलीत मला रोज दिसते, विशेषतः यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरांत. कप्तानसाहेबांनी वादळाआधी झोपेविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हाच हा वर्ग केवळ साहसकथांचा नाही याची मला खात्री पटली.

दुसरे सत्र मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्लंडमधील डर्बीच्या जोडप्यावर आहे आणि सर्वांत जास्त तयारी त्यावरच झालेली दिसते. या दोघांनी घर विकून 'ऑरेलिन' ही ३१ फुटी बोट बांधून घेतली आणि १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दिशेने प्रस्थान ठेवले. बाहेरच्या जगाचा व्यत्यय नको, या मॉरिस यांच्या आग्रहामुळे बोटीवर संदेश पाठवणारे रेडिओयंत्र घेतलेले नव्हते. ४ मार्च १९७३ रोजी पहाटे, पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांकडे जात असताना देवमाशाची धडक बसून बोटीला भोक पडले आणि तासाभराच्या आत ती बुडाली. त्यानंतर हे दोघे रबरी तराफा आणि त्याला बांधलेली छोटी होडी यांच्या आधाराने ११७ दिवस तरंगत राहिले. सेफ्टी पिनांचे गळ करून त्यांनी मासे धरले, कासवे मारून खाल्ली, पावसाचे पाणी साठवले. जवळून गेलेल्या सात जहाजांना ते दिसलेच नाहीत. अखेर ३० जूनला एका कोरियन मच्छीमार जहाजाने त्यांना उचलले.

ही हकिकत सांगून झाल्यावर कप्तानसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, फरशीवर खडूने साडेचार फूट व्यासाचे वर्तुळ काढले. तराफा तेवढाच होता. एकेका जोडप्याने त्यात जाऊन बसायचे आणि पुढील सूचना मिळेपर्यंत उठायचे नाही, एवढाच प्रयोग होता. पूर्व भागातील एक तरुण यंत्रमाग कारखानदार आणि त्याची पत्नी आत बसले. बसल्या बसल्या त्याने पाय लांब केले आणि ती आपोआप गुडघे पोटाशी घेऊन कडेला सरकली. थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "अहो, पाय जरा तिकडे घ्या ना, मला मुंग्या आल्यात." तो चटकन म्हणाला, "मग आधी सांगायचं ना!" त्यावर बाईंनी काहीही भाष्य केले नाही. त्यांनी खडू घेतला, वर्तुळातील त्याने व्यापलेला भाग रेषेने वेगळा केला आणि दोघांनाही खाली पाहायला सांगितले. दोन-तृतीयांशाहून अधिक जागा त्याच्याकडे होती. तो मुलगा मनाने चांगला आहे, हे सर्वांना दिसत होते. त्याने काही हिसकावून घेतले नव्हते, तिनेही तक्रार केली नव्हती, तरीही जागेची वाटणी होऊन गेली होती. जोडप्यांशी तासन्‌तास बोलून जे त्यांच्या गळी उतरवणे मला जड जाते, ते त्या खडूच्या रेषेने क्षणात दाखवले, आणि केवळ या प्रयोगासाठीही मी या वर्गाची शिफारस करीन.

बेली दांपत्याच्या हकिकतीतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र त्यानंतर आला. बोट बुडेपर्यंत दिशा, नकाशे, वेग आणि धोका या सगळ्यांचे निर्णय मॉरिस यांचे होते. बोट गेल्यावर त्यांचे मन खचले, आपल्या निर्णयांमुळे ही वेळ आली ही बोच त्यांना खाऊ लागली, आणि पोहताही न येणाऱ्या मॅरलिन यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी वहीच्या कागदांचे पत्ते आणि डोमिनो बनवले, सुटकेनंतर करायच्या मेजवान्यांचे बेत लिहिले, आणि पुढच्या बोटीचा आराखडाही नवऱ्यासोबत बसून काढला. सूत्रे हातात घेतानाही त्यांनी मॉरिस यांना कमीपणा येऊ दिला नाही, हे बाईंनी फार समजून सांगितले. नोकरी गेलेला, धंद्यात बुडालेला किंवा आजारी पडलेला नवरा आणि अचानक घर चालवू लागलेली बायको, ही जोडी सोलापुरात गिरण्या बंद पडल्यानंतर कितीतरी घरांनी पाहिली आहे. त्या घरांतील अनेक संसार पैशाच्या टंचाईतून तरले, परंतु मान दुखावल्यामुळे मोडले.

येथेच माझा पहिला आक्षेप आहे. मॅरलिन यांचे धैर्य सांगताना वर्ग त्यांच्या श्रमाविषयी गप्प राहतो. खचलेल्या माणसाला रोज सकाळी उभे करणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते करणारी व्यक्ती स्वतःची भीती कोठे ठेवते, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. घर सावरणाऱ्या स्त्रीचे कौतुक करून थांबण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तिने आणखी सोसावे, असाच अर्थ त्या कौतुकातून वर्गातल्या बायकांपर्यंत पोहोचू शकतो. मी हे सत्रानंतर बोलून दाखवले आणि बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले.

पाण्याचा प्रयोग साधा आहे, पण आपल्या गावाला चपखल बसतो. प्रत्येक जोडप्याला एक कॅन देऊन, इतके पाणी इतके दिवस पुरवायचे आहे, तर रोजचे माप कोण काढणार हे ठरवायला सांगितले जाते. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या आम्हा सोलापूरकरांना मोजमाप शिकवावे लागले नाही. जवळपास प्रत्येक घरात पाण्याचा हिशेब बायकोच्या डोक्यात होता आणि नवऱ्याला तो ठाऊक नव्हता. कप्तानसाहेबांनी यातून बोटीवरील एका खऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले. ज्या जोडप्यात एकालाच बोट वळवता येते, तेथे तोच माणूस समुद्रात पडला तर वर उरलेला जोडीदार त्याला डोळ्यांदेखत दूर जाताना पाहतो, म्हणून महासागरात उतरण्यापूर्वी दोघांनीही एकट्याने शीड उतरवण्याचा, इंजिन चालू करण्याचा आणि माघारी वळण्याचा सराव करायचा असतो. घरचे विम्याचे कागद, बँकेची खाती आणि कर्जाचे हप्ते दोघांनाही माहीत आहेत का, हा प्रश्न लगेच पुढे आला, आणि खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

तिसऱ्या सत्रात दोन जोडपी घेतली आहेत. ब्रिटिश हिंदी लष्करात अधिकारी असलेले माइल्स स्मीटन आणि त्यांच्या पत्नी बेरिल यांची 'त्झू हांग' ही बोट १४ फेब्रुवारी १९५७ रोजी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या केप हॉर्नच्या वाटेवर एका प्रचंड लाटेने उलथवली. सुकाणूवर असलेल्या बेरिल बोटीबाहेर फेकल्या गेल्या आणि जखमी अवस्थेत पोहत परत आल्या. दुरुस्तीनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघेच पुन्हा निघाले आणि बोट पुन्हा उलटली. अखेर १९६८ मध्ये त्यांनी हॉर्नला वळसा घातला. दुसरे जोडपे पॉल आणि रेचेल चँडलर यांचे. त्यांना ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सहून टांझानियाकडे जाताना सोमाली चाच्यांनी पकडले आणि ३८८ दिवस ओलीस ठेवले. चाच्यांनी त्यांची ताटातूट केली, विरोध केल्यावर मारहाणही केली. हे सत्र माहितीपूर्ण असले तरी घाईत उरकले जाते. स्मीटन यांच्याबाबत 'दोघांनाही खरोखर पुन्हा जायचे होते का' हा प्रश्न विचारून तसाच सोडला जातो, हे मला पटले नाही.

शेवटचे सत्र डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्यावर आहे आणि माझ्या मते वर्गाचा गाभा तेच आहे. १९६८ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली तेव्हा या इंग्रज व्यावसायिकाने डबघाईला आलेला धंदा सावरण्यासाठी तीत उडी घेतली. पैसे पुरवणाऱ्याशी झालेला करार असा होता की माघार घेतली तर धंदा आणि घर दोन्ही जाण्याची वेळ आली असती. चार मुले होती. बोट तयार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे निघण्याच्या अखेरच्या मुदतीच्या दिवशी, त्यांना टीनमथ बंदर सोडायचे होते. आदल्या रात्री ते पत्नी क्लेअर यांच्याजवळ रडले. माघार घेतली तर जन्मभर खंत राहील का, असे क्लेअर यांनी विचारले. त्यांना उत्तर देता आले नाही. आपण थांबवावे म्हणूनच ते रडत होते, हे आपल्याला त्या वेळी कळले नाही, असे क्लेअर यांनी पुढे सांगितले. शर्यतीची वाट ज्यातून जात होती त्या दक्षिण महासागरात क्रोहर्स्ट कधीच गेले नाहीत. ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले आणि खोटी ठिकाणे कळवत राहिले. १० जुलै १९६९ रोजी त्यांची बोट रिकामी सापडली. शर्यतीचे विजेते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्ट कुटुंबाला दिले.

कप्तानसाहेबांनी ही हकिकत अत्यंत संयमाने सांगितली आणि मृत माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. त्यांनी चर्चा त्या एका रात्रीवर आणून ठेवली. नवऱ्याच्या स्वप्नाला नाही म्हणणारी बायको आपल्या समाजात पाय ओढणारी ठरते, आणि कर्ज काढून, लोकांना सांगून, पेढे वाटून झाल्यावर माघार घेणारा पुरुष नामर्द ठरतो. म्हणून दोघेही त्या रात्री खरे बोलत नाहीत. वर्गात एका प्रौढ गृहस्थांनी, जागा गहाण ठेवून विस्तारलेल्या कारखान्याविषयी, तेव्हा हिने एकदा जरी अडवले असते तर मी थांबलो असतो, असे पत्नीसमोर सांगितले. "तुम्ही विचारलंच कुठं हो मला?" असे त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. हे बोलणे पुढे कसे न्यायचे याची रीत मात्र संचालकांकडे नव्हती. चहा आला आणि विषय सुटला. इतके नाजूक काही उघडे पडत असेल, तर प्रशिक्षित समुपदेशक सोबत असणे किंवा सत्रानंतर जोडप्याला स्वतंत्र वेळ देणे आवश्यक आहे, आणि ही या सेवेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

इतर सोयी समाधानकारक आहेत. चित्रफिती इंग्रजीत असल्या तरी बाई प्रत्येक भाग मराठीत उलगडून सांगतात आणि गरज पडली तेव्हा एका जोडप्याला त्यांनी तेलुगूतही समजावले. जिना अरुंद व उंच आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी कळवावे, म्हणजे वर्ग खालच्या खोलीत घेतला जातो. घरात मारहाण होत असेल तर हा वर्ग उपयोगाचा नाही. अशा स्त्रीला साडेचार फुटांच्या वर्तुळात नवऱ्यासोबत बसवणे धोक्याचे ठरू शकते, आणि प्रवेशापूर्वी दोघांशी वेगवेगळे बोलून ही गोष्ट तपासली गेली पाहिजे. संचालकांना माझी आणखी एक विनंती आहे. काही जोडपी तिसऱ्या रविवारनंतर येत नाहीत, त्यामुळे क्रोहर्स्ट यांचे सत्र शेवटी न ठेवता बेली दांपत्याच्या लगेच नंतर घ्यावे आणि त्यासाठी दुपारपर्यंतचा वेळ राखून ठेवावा.