भट्टी बदलायचीय: पाइप गॅस, सिलिंडर की वीज?

जुनी दारं, खिडक्यांच्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या, मोडका प्लाय. मुंबईत पावाच्या कितीतरी भट्ट्या याच भंगारावर पेटत आल्या, कारण ओंडक्यांपेक्षा ते स्वस्त. रंग, पॉलिश, प्लायमधला गोंद, सगळं त्यासोबत जळतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तेव्हापासून ‘कुठली भट्टी घेऊ?’ असं मला विचारलं जातं. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, भट्ट्या विकत नाही. त्यामुळे मी उलट विचारतो, गाळा कुणाच्या नावावर आहे?

त्याकडे येतोच. आधी इंधन.

गल्लीत पाइपलाइन असेल तर पाइप गॅससारखं सोयीचं काही नाही. साठा करावा लागत नाही, मीटरप्रमाणे बिल येतं, आणि हा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर जातो, खिडकी-झरोक्यातून बाहेर पडायला वाव मिळतो. गल्लीत पाइप नसेल तर रस्ता खणण्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात ती सहसा मिळत नाही. ते चार महिने हिशेबात धरा.

सिलिंडर लगेच सुरू होतो. पण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो, खोलगट गाळ्यात तर जास्तच. शिवाय परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोच्या वर साठा करता येत नाही, म्हणजे १९ किलोचे पाचच सिलिंडर. लादी पावाचा मोठा धंदा असेल तर एवढ्यात तारांबळ उडते.

विजेच्या ओव्हनला ज्वाळाच नाही, म्हणून आत काम करणाऱ्यासाठी तो सगळ्यात चांगला. गॅसवर धूर दिसत नाही, पण नायट्रोजन डायऑक्साइड असतोच. बर्नर नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइडही. झरोका आणि एक्झॉस्ट फॅन गॅसवर गेल्यावरही लागतातच. विजेची अडचण वेगळी. थ्री फेज जोडणी, वाढवून घेतलेला मंजूर भार, आणि पाव कमी काढले तरी दरमहा येणारा स्थिर आकार. केक-बिस्किटवाल्याला हे परवडतं. रात्रभर निव्वळ पाव काढणाऱ्याने आधी वीजबिलाचं गणित मांडावं.

चवीबद्दल सगळेच विचारतात. लाकडाच्या भट्टीतल्या पावाला वेगळा वास असतो, गोव्यातल्या पोदेराचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याचा, पाव खाल्लेल्याला तो ठाऊक आहे. पण मुंबईच्या वडापावात तो वास चटणीपुढे टिकतो, असं मला तरी वाटत नाही.

आता पैसा. समजा ओव्हन, जोडणी, धुराडं धरून १२ लाख लागले. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. म्हणजे ४ लाख २० हजार मिळतात, स्वतःचे किमान १ लाख २० हजार घालावे लागतात. मात्र अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. बँकेने कर्ज दिलं तरच ते, आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तरच खात्यात वळतं होतं. योजनेची मुदत चालू आहे का, हे अर्जाआधी विचारून घ्या. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण ‘तरुण’ गटाची मर्यादा १० लाख. २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यांनाच.

माझ्या ओळखीतले एक बेकरीवाले काका पागडीच्या गाळ्यात आहेत, म्हणजे जुनं भाडं, गाळा त्यांच्या नावावर नाही. विक्री सगळी रोख, वडापावच्या गाड्यांवर. वहीत पेन्सिलीने टिपलेली. बँकेने आयकराची विवरणपत्रं मागितली, ती नव्हती. मग सावकार, महिन्याला तीन टक्के. पाच लाखांवर दरमहा १५ हजार नुसतं व्याज! तीन महिन्यांत त्यांनी पुन्हा लाकूड पेटवलं. वर पोटमाळ्यावर चार कारागीर झोपतात, तो धूर आधी त्यांच्या छातीत जातो, मग शेजारच्या चाळीत. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण. त्यांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. पोटमाळ्यावर ते मोजायला कुणी येत नाही. इंधन बदलायला लावणारा आदेश आला, पण पागडीवाल्याला कर्ज कोण देणार हे त्यात कुठे आहे?

म्हणून माझा क्रम असा. गाळा मालकीचा, विवरणपत्रं तयार आणि पाइप दारात असेल तर अनुदानाचं कर्ज घेऊन पाइप गॅस. केक-बिस्किटं जास्त असतील तर वीज. पागडी असेल तर मुद्रातून छोटा ओव्हन घ्या, सगळा धंदा एकदम हलवू नका. पोटमाळ्यावर माणसं झोपत असतील तर सिलिंडर नकोच. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) करून घ्या, वडापाववाल्यांकडून पैसे यूपीआयवर घ्यायला लागा. सहा महिन्यांचं खातेपुस्तक दिसलं की बँकेतलं बोलणं निदान सुरू तरी होतं. काकांनी क्यूआर कोड गेल्या महिन्यात लावला.