फातोर्ड्याचं तिकीट: ८९ मिनिटांपर्यंत पैसे वसूल

मुंबईहून, सावंतवाडीहून किंवा बेळगावहून खास एफसी गोवाचा फुटबॉल सामना बघायला मडगावला जायचं असेल तर आधीच ऐकून ठेवा. तिथलं फातोर्ड्याचं मैदान चांगलं आहे, प्रेक्षक जाणकार आहेत आणि यजमान संघ मोठ्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत घात करतो. रागाच्या भरात केलेलं विधान वाटेल, पण याला तारखा आहेत.

२० डिसेंबर २०१५, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ असं पुढे नेलं. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला, ९२व्याला मेंडोझाने चेंडू जाळ्यात मारला आणि चेन्नईयिनने ३-२ असा करंडक उचलला. २४ एप्रिल २०२४, मुंबई सिटीविरुद्ध सेमीफायनलचा पहिला लेग (सेमीफायनल दोन सामन्यांची, एकेक दोघांच्या मैदानावर, गोल एकत्र मोजायचे). बोरिस सिंगने १६व्या आणि ब्रँडन फर्नांडिसने ५६व्या मिनिटाला गोल केला, २-० ही आघाडी नव्वदीपर्यंत शाबूत राहिली. मग मुंबईचे तीन गोल: छांगटे ९०, विक्रम प्रताप ९१, पुन्हा छांगटे ९६, आणि गोवा २-३ हरला. ६ एप्रिल २०२५, पुन्हा सेमीफायनल, समोर बंगळूरचा संघ. पहिला लेग तिकडे ०-२ गेला होता. इथे बोर्हा हेरेरा आणि ८८व्या मिनिटाला सादिकू यांनी ते दोन्ही गोल फेडले. लोक जादा वेळेच्या तयारीत असताना ९२व्या मिनिटाला चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने हेडर मारला. सामना गोव्याने २-१ जिंकला, दोन्ही लेग मिळून सेमीफायनल ३-२ने घालवली.

म्हणून हे परीक्षण दोन भागांत करावं लागतं: मैदानाला गुण वेगळे, संघाच्या शेवटच्या दहा मिनिटांना वेगळे.

मैदान १९८९चं, क्षमता साधारण १९ हजार. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथे झाले. कधीकाळी क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही व्हायचे, आणि त्याची किंमत फुटबॉलवाला आजही मोजतो: गोलपोस्टमागच्या जागा खेळापासून लांब पडतात. पलीकडच्या टोकाला गोल झाला तर तो आधी आवाजावरून कळतो. तिकीट काढताना लांब बाजूचा स्टँड निवडा. आरडाओरडा, ढोल आणि नारिंगी जर्सींची गर्दी हवी असेल तर ईस्ट लोअर. पण तिथे सामना उभ्यानेच बघावा लागतो आणि खालच्या रांगांतून बचावफळीची रेषा नीट दिसत नाही. खेळाची मांडणी समजून घ्यायची असेल तर मधल्या रेषेच्या आसपासची, शक्य तितकी वरची जागा घ्या. ऑफसाइड झाला की नाही हे तिथून रेफ्रीच्या आधी कळतं आणि त्रासही तिथेच जास्त होतो, कारण फुल-बॅक (कडेचा बचावपटू) दमलेला, त्याच्यासमोर मोकळं रान पडलेलं, हे गोल खाण्याआधी दोन मिनिटं दिसत असतं.

त्या २४ एप्रिलच्या सामन्यात दुखणं पहिल्या गोलात नव्हतं. २-० पुढे असताना नव्वदीला एखादा गोल कुणीही खातो. दुखणं ९० आणि ९१ यांच्या मधलं आहे. गोल खाल्ल्यावर सेंटरला चेंडू तुमच्याच पायात येतो, म्हणजे पुढचा अर्धा मिनिट तुमच्या हातात असतो. त्याचा वापर शाळेच्या संघालाही शिकवतात: चेंडू मागे द्यायचा, तिथून लांब फटका मारून तो प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात पाठवायचा, अख्खा संघ वर सरकवायचा आणि तिथे थ्रो-इन झाला तरी खुशाल होऊ द्यायचा. झाले चाळीस सेकंद. मग कुणाच्या तरी पायात गोळा येतो, गोलरक्षक बुटाची नाडी बांधतो. रेफ्रीने पिवळं कार्ड काढलं तर घ्यावं, सेमीफायनलमधल्या गोलापेक्षा ते स्वस्त पडतं. हे दिसायला ओंगळ आहे हे मान्य, पण करंडक असेच राखले जातात.

बदली खेळाडू उतरवून वेळ काढता येतो हा मात्र भ्रम आहे, तो वेळ रेफ्री परत जोडतो. उलट नव्वदीनंतर बचावात नवा माणूस आला की कोण कुणाला धरणार याची घडी विस्कटते. आणि सगळे पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले की काढलेला प्रत्येक चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या मिडफिल्डरला मिळतो, तिथून तो पुन्हा विंगवर, पुन्हा क्रॉस. पुढे चेंडू अडवून धरणारा एक तरी स्ट्रायकर ठेवावाच लागतो. तेव्हाचा प्रशिक्षक मनोलो मार्केझ, त्याचा संघ एरवी चेंडू पायात खेळवणारा, म्हणून हे जास्त खुपतं.

पाच दिवसांनी मुंबईत दुसरा लेग २-० असा गेला, एकूण ५-२. मुंबईने ४ मे रोजी फायनलमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप जिंकला. ‘शेवटी विजेत्यांकडूनच हरलो’ असं सांत्वन काही जण करून घेतात. करू द्यावं. पण ८९व्या मिनिटाला ते विजेते दोन गोलांनी मागे होते, आणि नऊच दिवस आधी मोहन बागानकडून हरून त्यांनी लीग शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याचं बक्षीस) घालवली होती. मनाने खचलेला संघ समोर होता, त्याला उभं केलं गोव्यानेच.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. सामना बहुधा संध्याकाळी साडेसातला असतो, संपायला साडेनऊ होतात. पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि हेल्मेट घेऊन गेटवर हुज्जत घालू नका, सहसा आत सोडत नाहीत. हेल्मेट गाडीलाच कुलपात अडकवा. पार्किंगची कोंडी टाळायला ८८व्या मिनिटाला उठायची सवय असेल तर या मैदानावर ती मोडा, सगळा इतिहास त्यानंतरच घडतो. मुंबईची निळी जर्सी घालणार असाल तर पाहुण्यांच्या स्टँडचंच तिकीट काढा. ईस्ट लोअरमध्ये निळं घालून बसणं म्हणजे उगाच वाद ओढवून घेणं.

स्टेडियममधलं खाणं जेमतेम. भूक राखून ठेवा आणि नंतर मडगावात गाड्यावर रोस ऑम्लेट खा: साधं कांदा-मिरचीचं ऑम्लेट, वर चिकन शाकुतीचा गरम रस्सा, सोबत पाव. रस्सा जास्त मागितला तर बहुतेक गाडेवाले देतात. हरलेल्या रात्री तिथे प्रशिक्षक बदलण्याच्या सूचनाही फुकट मिळतात, त्यातल्या निम्म्या बऱ्या असतात.

कदंबचं (गोव्याच्या सरकारी बसचं) मडगाव स्टँड जवळच आहे, पण पणजीच्या गाड्या रात्री विरळ होतात. शेवटची कधीची हे दुपारीच विचारून ठेवा. मुंबईकरांना त्या रात्री कोकणकन्या एक्स्प्रेस मिळत नाही, सामना सुरू होण्याआधीच ती मडगाव सोडते. मुक्काम करून सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरावी आणि तिचं आरक्षण सामन्याच्या तिकिटाबरोबरच करावं. सेमीफायनल असेल तर दोन्ही तिकिटं लवकर संपतात.